मोल: काट्यावर वजन, डोक्यात मोजणी

अकरावी सायन्सचे वर्ग सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी हात वर करतं, "सर, मोल म्हणजे नेमकं काय?" तोवर निम्म्या वह्यांमध्ये 'मोल म्हणजे वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान' असं चौकटीत लिहून झालेलं असतं. हे म्हणजे 'डझन म्हणजे केळी भागिले बारा' असं पाठ करण्यासारखं झालं. गणित सुटतं, पण डझन काय असतो ते कळत नाही. मग बारावीत द्रावणं आली, विद्युत रसायन आलं, की गाडी तिथेच रुतते.

त्यात शब्दही दगा देतो. मराठीत मोल म्हणजे किंमत: मोलमजुरी, अनमोल, कवडीमोल. रसायनातल्या मोलचा याच्याशी काडीचा संबंध नाही. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा शब्द रूढ केला. त्याचं लॅटिन मूळ 'ढीग, मोठा गोळा' अशा अर्थाचं. म्हणजे आमच्या उसाच्या पट्ट्यात तो 'मोल'पेक्षा 'मोळी'ला जास्त जवळचा. गंमत अशी, की ओस्टवाल्डचा त्या काळात अणूंवर विश्वासच नव्हता. अणू मोजायचं माप ज्याच्या शब्दाने ओळखलं जातं, तोच माणूस अणू आहेत हे मानायला १९०८-०९ पर्यंत तयार नव्हता.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं अकरावी-बारावीची रसायनाची शिकवणी घेतो. खाली जी वाट दिली आहे, ती त्याच क्रमाने चालावी. मधली पायरी गाळली तर पुढची डळमळते.

पहिली पायरी: उद्यमनगरातलं दुकान

शिवाजी उद्यमनगरात मी एकदा भाच्याच्या फॅब्रिकेशनच्या कामासाठी नट-बोल्ट आणायला गेलो होतो. आठ एमएमचे पाचशे नट, पाचशे बोल्ट. दुकानदाराने पोतं ओढलं आणि काट्यावर परात ठेवली. मी म्हटलं, "मोजून द्या बरं का, कमी पडायला नकोत."

"पाचशे मोजत बसायला सवड हाय व्हय, सर?" असं म्हणत त्याने दहा नट उचलून परातीत टाकले. बावन्न ग्रॅम. मग ओंजळीने नट ओतत गेला, काटा दोन किलो सहाशेवर आला तसा थांबला. "घ्या, पाचशे." बोल्ट दहा टाकले, एकशे छप्पन्न ग्रॅम. मग सात किलो आठशे. झालं.

घरी येऊन मी खरंच मोजले. नट पाचशे दोन निघाले.

सगळा मोल या दुकानात आहे. वस्तू बारीक आणि ढिगाने असल्या, की माणूस मोजत नाही, तोलतो. पण त्याला हवी असते ती संख्याच, कारण एका बोल्टला एकच नट लागतो. एका किलोला एक किलो लागत नाही. पाचशे बोल्ट सात किलो आठशे आणि त्यांना लागणारे नट फक्त दोन किलो सहाशे. वजनं वेगळी, संख्या तीच. रसायनातली प्रत्येक अभिक्रिया ही अशीच नट-बोल्टची जुळवणी असते. फरक एवढाच, की आपल्याला एक अणू उचलून परातीत टाकता येत नाही.

दुसरी पायरी: 'हजार' का सोयीचा

आता त्याच दुकानात जरा थांबा. एक नट ५.२ ग्रॅमचा, एक बोल्ट १५.६ ग्रॅमचा. हजार नटांचं वजन किती? ५.२ किलो. हजार बोल्टांचं? १५.६ किलो.

आकडा बदलला का? नाही. फक्त ग्रॅमच्या जागी किलो आला. म्हणजे 'हजार' ही अशी संख्या आहे, की एका नगाचं ग्रॅममधलं वजन ठाऊक असलं, तर तोच आकडा किलोमध्ये तोला आणि हजार नग मिळाले असं समजा. नट असो, बोल्ट असो, वॉशर असो.

अणूंच्या जगात एका नगाचं वजन ग्रॅममध्ये सांगणं परवडत नाही, म्हणून तिथे 'एकीकृत अणुवस्तुमान एकक' वापरतात. कार्बन-१२ या समस्थानिकाच्या एका अणूचं वस्तुमान बरोबर १२ एकक धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत सांगायचं. हायड्रोजन साधारण १, ऑक्सिजन १६, सोडियम २३, लोह ५६, चांदी १०८, सोनं १९७. आवर्त सारणीतले हे आकडे म्हणजे त्या दुकानातले '५.२' आणि '१५.६'.

मग प्रश्न येतो: अशी कोणती संख्या आहे, की तितके अणू घेतले तर आकडा तोच राहील आणि एककाच्या जागी ग्रॅम येईल? म्हणजे १२ एककांच्या कार्बनचे तितके अणू १२ ग्रॅम भरतील, १०८ एककांच्या चांदीचे तितके अणू १०८ ग्रॅम भरतील?

ती संख्या म्हणजे अ‍ॅव्होगॅड्रो अंक. आणि तितक्या नगांचा ढीग म्हणजे एक मोल.

इथे मी वर्गात खडू खाली ठेवतो आणि दोन मिनिटं गप्प बसतो. हे एकदा डोक्यात बसलं, की 'ग्रॅम भागिले मोलर वस्तुमान' हे सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही. २.६ किलो नट भागिले ५.२ केलं, की अर्धा हजार येतो, तसंच ते.

घरी खात्री करायची असेल तर शंभर हरभरे आणि शंभर शेंगदाणे निवडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगवेगळे तोला. समजा हरभरे २० ग्रॅम भरले आणि शेंगदाणे ५० (तुमचे वेगळे भरतील). आता न मोजता ४०० ग्रॅम हरभरे घ्या आणि एक किलो शेंगदाणे. दोन्ही ढिगांत नग सारखेच आले. आणि पहिले शंभर कुणी दुसऱ्यानेच मोजून दिले असते, किती होते ते तुम्हाला सांगितलंही नसतं, तरी चाललं असतं. दोन्हीकडे नग सारखे आहेत एवढं माहीत असलं की झालं. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ नेमके याच स्थितीत होते: अणूंच्या वजनांची गुणोत्तरं हातात, पण खरी संख्या कुणालाच ठाऊक नाही.

तिसरी पायरी: संख्या केवढी, आणि आली कुठून

ट्युरिनच्या अमेडिओ अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये एवढंच म्हटलं होतं, की तापमान आणि दाब सारखे असले तर वेगवेगळ्या वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखी असते. किती असते ते त्याने सांगितलं नाही, त्याला ते माहीत असायचं कारणही नव्हतं. जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्या म्हणण्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे स्तानिस्लाओ कॅनिझारोने हा विचार पुन्हा ठामपणे मांडला आणि मग अणुवस्तुमानांचा गोंधळ मिटत गेला. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या योहान लॉशमिटने रेणूच्या आकाराचा पहिला बऱ्यापैकी अंदाज बांधला. अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव या संख्येला दिलं ते फ्रान्सच्या जाँ पेरँने, १९०९ मध्ये. अ‍ॅव्होगॅड्रो जाऊन तेव्हा पन्नासच्या वर वर्षं झाली होती.

१९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं सातवं मूलभूत एकक झालं. तेव्हाची व्याख्या होती: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके नग म्हणजे एक मोल. २० मे २०१९ पासून ही व्याख्या उलटी फिरवली. आता संख्याच ठरवून टाकली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात, बरोबर इतके नग म्हणजे एक मोल. जुन्या गाईडांमध्ये अजून पहिलीच व्याख्या छापलेली दिसते. गणितं सोडवताना दोन्हींत काही फरक पडत नाही, पण 'व्याख्या लिहा' आलं तर नवी लिहा.

हा आकडा आपल्या पद्धतीने वाचायचा तर साधारण ६०२ कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी. आपल्या जुन्या मोजणीत एकं, दहंपासून चढत गेलं की शेवटी परार्ध येतो, म्हणजे १०चा १७वा घात. मोल म्हणजे असे साठ लाख परार्ध.

तांदळाचा हिशेब करून बघा. एक किलोत साधारण ५०,००० दाणे धरा. एक मोल दाणे अख्ख्या महाराष्ट्रावर सारखे पसरले, तर थर जवळजवळ ४९ किलोमीटर जाड होईल. कळसूबाई १,६४६ मीटरचं. आणि एक मोल पाणी? १८ ग्रॅम. चहाचे साडेतीन चमचे. रेणू किती बारीक असतो ते या दोन वाक्यांमधल्या अंतरावरून समजावं.

चौथी पायरी: मोलर वस्तुमान काढणं

मोलर वस्तुमान म्हणजे पदार्थाच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन. ते काढायचं काम किराणाच्या बिलासारखं आहे. रेणूत कोणता अणू किती वेळा आहे ते बघायचं, गुणायचं, बेरीज करायची, शेवटी 'ग्रॅम प्रति मोल' लिहायचं.

मीठ म्हणजे एक सोडियम, एक क्लोरीन: २३ अधिक ३५.५, झाले ५८.५. (मिठात सुटे रेणू नसतात, आयनांची रचना असते, म्हणून याला सूत्र वस्तुमान म्हणतात. हिशेब तोच.) खायचा सोडा: सोडियम २३, हायड्रोजन १, कार्बन १२, तीन ऑक्सिजन ४८, एकूण ८४. साखरेच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन: १४४ अधिक २२ अधिक १७६, म्हणजे ३४२.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली कंसात. विरवलेल्या चुन्यात एक कॅल्शियम आणि कंसात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, कंसाबाहेर दोन. तो दोन जोडीतल्या दोघांनाही लागतो: ४० अधिक दोनदा १७, म्हणजे ७४. पोरं घाईत फक्त हायड्रोजनला दोनाने गुणतात आणि ५८ लिहून मोकळी होतात.

दुसरी चूक स्फटिकजलाची, आणि ती जास्त महागात पडते. दाढीनंतर फिरवायची तुरटी घ्या. तिच्या सूत्रात पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि दोन सल्फेट मिळून २५८ होतात. पण त्यासोबत पाण्याचे १२ रेणू स्फटिकात बसलेले असतात: १२ गुणिले १८, म्हणजे २१६. एकूण ४७४. हातात कोरडा खडखडीत दगड दिसतो, पण त्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी आहे. मोरचुदाचंही (कॉपर सल्फेट) तसंच: पाण्याचे पाच रेणू धरून २४९.५, विसरलं तर १५९.५. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मोलर वस्तुमान लिहू नये. हा धडा मी कसा शिकलो ते शेवटी सांगतो.

पाचवी पायरी: तीन घरं

वहीत आडव्या ओळीत तीन चौकोन काढा. डावीकडे 'ग्रॅम', मध्ये 'मोल', उजवीकडे 'संख्या'. डावीकडून मध्ये यायचं तर मोलर वस्तुमानाने भागा. मधून उजवीकडे जायचं तर अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने गुणा. उलटं जाताना उलटी क्रिया. डावीकडून थेट उजवीकडे उडी मारायची नाही, रस्ता मधल्या घरातूनच.

आता एक उदाहरण सावकाश करू. हुपरीचं पैंजण. समजा जोडाचं वजन १०८ ग्रॅम आहे आणि टंच ७५. म्हणजे शंभरात ७५ भाग चांदी, उरलेलं तांबं धरू.

चांदी झाली ८१ ग्रॅम. भागिले १०८, म्हणजे ०.७५ मोल. गुणिले अ‍ॅव्होगॅड्रो अंक: ४.५२ गुणिले १०चा २३वा घात, इतके चांदीचे अणू.

तांबं २७ ग्रॅम. भागिले ६३.५, म्हणजे ०.४२५ मोल. अणू २.५६ गुणिले १०चा २३वा घात.

इथे थांबून विचार करा. वजनात तांबं चौथा हिस्सा आहे. अणूंत? ०.४२५ भागिले १.१७५ केलं तर ३६ टक्के येतात. सराफ टंच काढतो तो वजनाचा. पैंजणात बसलेल्या दर शंभर अणूंमध्ये मात्र ३६ तांब्याचे असतात, कारण तांब्याचा अणू हलका, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्याची गर्दी जास्त. 'किती टक्के' असा प्रश्न आला की वजनाने की संख्येने, हे विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. यावर बारावीत 'मोल-अपूर्णांक' नावाचं अख्खं प्रकरण उभं आहे, आणि ते या पैंजणापेक्षा अवघड नाही.

सहावी पायरी: कशाचा मोल?

'एक डझन द्या' म्हटल्यावर दुकानदार विचारतो, कशाचं? तसंच 'एक मोल ऑक्सिजन' हे अर्धं वाक्य आहे. ऑक्सिजनचे अणू म्हणत असाल तर १६ ग्रॅम. हवेतल्या ऑक्सिजनचे रेणू म्हणत असाल तर ३२, कारण तिथे अणू जोडीने फिरतात. हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीन यांचंही तसंच.

एका मोल पाण्यात रेणू एक मोल, हायड्रोजनचे अणू दोन मोल, ऑक्सिजनचे एक मोल, सगळे अणू मिळून तीन मोल. एक डझन सायकलींना दोन डझन चाकं, इतकंच ते.

सातवी पायरी: वायू, आणि कोल्हापूरचे २६ लिटर

वायू तोलायला कटकटीचे, पण मोजायला सगळ्यात सोपे, कारण अ‍ॅव्होगॅड्रोचं मूळ म्हणणंच त्यांच्याबद्दल आहे. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब असेल तर कुठल्याही वायूचा एक मोल जवळजवळ २२.४ लिटर जागा घेतो. हा आकडा पोरं इतका घोकतात, की तो सगळीकडे लावतात. पण १९८२ पासून प्रमाण दाब एक बार, म्हणजे एक वातावरणापेक्षा किंचित कमी, धरला जातो, आणि त्या दाबाला हेच आकारमान २२.७ लिटर होतं. प्रश्नात कोणता दाब दिला आहे ते बघून आकडा घ्या.

आणि खऱ्या खोलीत? शून्य अंशाची थंडी कोल्हापुरात कुणी पाहिली आहे? २५ अंशांना, समुद्रसपाटीवर, एक मोल वायू साधारण २४.५ लिटर होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ९४ टक्के भरतो. त्यामुळे आमच्याकडे मोल आणखी फुगतो: सुमारे २६ लिटर. पाण्याच्या वीस लिटरच्या जारपेक्षा जास्त. परीक्षेत २६ लिहू नका, पण पुढच्या प्रयोगात तोच वापरू.

आठवी पायरी: अभिक्रिया

संतुलित समीकरणातले आकडे म्हणजे मोलचे आकडे. ग्रॅमचे नव्हेत. सगळी ठेच इथेच लागते.

साधं उदाहरण आधी. गुऱ्हाळात उसाच्या रसाची आम्लता मारायला चुन्याची निवळी घालतात. ती निवळी करायची तर आधी कळीचा चुना पाण्यात विरवावा लागतो. एक मोल कळीचा चुना आणि एक मोल पाणी मिळून एक मोल विरवलेला चुना होतो. ग्रॅममध्ये ५६ अधिक १८ बरोबर ७४. मग एक किलो कळीच्या चुन्याला किती पाणी? १,००० भागिले ५६ म्हणजे १७.८६ मोल. पाणीही तितकेच मोल लागणार, गुणिले १८, म्हणजे ३२१ ग्रॅम. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट पाणी घालतात, कारण चुना विरताना इतकं तापतं की बरंच पाणी वाफ होऊन जातं, आणि निवळी पातळही हवी असते. पण ३२१ च्या खाली आलात तर चुना कच्चा राहणार, हे काट्यावरून सांगता येतं. हा प्रयोग मुलांनी घरी करायचा नाही, चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो.

घरी करायचा तो हा. खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल. एका मोल सायट्रिक आम्लाला तीन मोल सोडा लागतो आणि तीन मोल कार्बन डायऑक्साईड सुटतो. बाजारातल्या लिंबूसत्त्वाच्या पाकिटावर 'मोनोहायड्रेट' (स्फटिकात पाण्याचा एक रेणू) लिहिलेलं असेल तर मोलर वस्तुमान २१० घ्या, 'अनहायड्रस' (पाणी नाही) असेल तर १९२. आपण २१० धरू.

बहुतेकांचा पहिला अंदाज असतो, दोन्ही सारखं घ्यायचं. ठीक, ८.४ ग्रॅम सोडा आणि ८.४ ग्रॅम लिंबूसत्त्व घ्या. सोडा झाला ०.१ मोल. लिंबूसत्त्व ०.०४ मोल. इतक्या लिंबूसत्त्वाला सोडा हवा ०.१२ मोल, आणि आहे ०.१. म्हणजे सोडा आधी संपणार. मिसळीच्या दुकानात एका प्लेटला ब्रेडच्या दोन स्लाइस द्यायच्या असतील, रस्सा वीस प्लेटचा असेल आणि स्लाइस तीस, तर पंधराच गिऱ्हाईकं जेवतात. उरलेला रस्सा तसाच राहतो. इथे ब्रेड म्हणजे सोडा. जे आधी संपतं त्याला मर्यादाकारक अभिकारक म्हणतात, आणि तयार काय किती होणार ते सगळं त्याच्यावरच ठरतं.

०.१ मोल सोड्याला लिंबूसत्त्व लागलं ०.०३३ मोल, म्हणजे ७ ग्रॅम. उरलं १.४ ग्रॅम, ते पाण्यात आंबट चव देत बसेल. वायू सुटला ०.१ मोल, कोल्हापुरी हिशेबाने २.६ लिटर.

आता पडताळा. एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत १०० मिलि पाणी घेऊन त्यात ७ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. फुग्यात नरसाळ्याने ८.४ ग्रॅम सोडा भरा. फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवा आणि मग उभा करून सोडा आत पडू द्या. फुगा गोल धरला तर २.६ लिटरला त्याचा व्यास १७ सेंटीमीटर यायला हवा. सुतळीने घेर मोजा, ५३ सेंटीमीटरच्या आसपास. तुमचा थोडा कमीच येईल, कारण काही वायू पाण्यात विरघळतो आणि फुग्याचं रबर आतल्या वायूला दाबतं. पण चाळीस किंवा सत्तर येणार नाही. काट्यावर ८.४ ग्रॅम तोलून सुतळीवर किती सेंटीमीटर येणार ते आधी सांगता आलं, की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी दर वर्षी फुगे आणतो.

नववी पायरी: द्रावणं, आणि माझा घोटाळा

एक लिटर द्रावणात एक मोल पदार्थ असेल तर ते एक मोलर. द्रावणात, पाण्यात नव्हे. ५८.५ ग्रॅम मिठावर लिटरभर पाणी ओतलं तर एकूण एक लिटरपेक्षा जास्त होतं. आधी थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं, ते मोजणी चंबूत ओतायचं, बीकर दोनदा खंगाळून तेही पाणी त्यातच घालायचं, आणि मग खुणेपर्यंत पाणी भरायचं. शेवटचे थेंब ड्रॉपरने.

आता माझी गोष्ट. बारावीच्या प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक आम्लाचं ०.०५ मोलर द्रावण २५० मिलि करायचं होतं. लागणारे मोल ०.०१२५. सूत्रावरून मी मोलर वस्तुमान ९० काढलं, १.१२५ ग्रॅम तोललं आणि मोठ्या ऐटीत चंबू भरला. ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन सुरू केलं, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून ते थेंबाथेंबाने सोडून किती लागतं ते मोजायला लागलो. शेजारच्या पोराला १० मिलि द्रावणाला १० मिलि परमँगनेट लागत होतं. मला ७.१. पुन्हा केलं, ७.१. तिसऱ्यांदा, ७.२. ब्युरेट गळते अशी तक्रार घेऊन मी सरांकडे गेलो. सरांनी ब्युरेटकडे बघितलंही नाही, बाटली उचलून माझ्यासमोर ठेवली. लेबलवर लिहिलं होतं 'डायहायड्रेट'. पाण्याचे दोन रेणू. मोलर वस्तुमान १२६. तोलायला हवं होतं १.५७५ ग्रॅम.

७.१ भागिले १० आणि ९० भागिले १२६, दोन्ही भागाकार करून बघा. चूक किती झाली ते ब्युरेटने टक्क्यासकट सांगितलं होतं, मलाच वाचता आलं नव्हतं.

वहीत करून बघा

एक किलो साखरेत किती मोल साखर, आणि कार्बनचे अणू किती मोल? दहा ग्रॅम सोन्यात अणू जास्त की दहा ग्रॅम चांदीत? ४७४ ग्रॅम तुरटी तापवून सगळं पाणी उडवलं तर मागे किती उरेल? १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती, आणि सुटलेला कार्बन डायऑक्साईड गार झाल्यावर कोल्हापुरात किती लिटर जागा घेईल? (चुनखडीचं मोलर वस्तुमान १००, कार्बन डायऑक्साईडचं ४४.)

उत्तरं: साखर २.९२ मोल, कार्बन ३५.१ मोल. चांदीत जास्त, ०.०९३ मोल, सोन्यात ०.०५१. तुरटीचे २५८ ग्रॅम उरतील. कळीचा चुना ५६ किलो, आणि वायू १,००० मोल, म्हणजे सुमारे २६,००० लिटर. शेवटच्या उत्तरात २२,४०० आलं असेल, तर भट्टी तुम्ही शून्य अंशाच्या गावात नेऊन ठेवली आहे.